एक दिवसाआडची पट्टी

दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, ड्रेसिंगची खोली होती. तिथे बावीस वर्षं एकच सिस्टर जखमा बांधत होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं. बाकी सगळे त्यांना पट्टीताई म्हणत. येणारे बहुतेक मधुमेहाचे, पायाला लवकर न भरणारी जखम घेऊन आलेले. पट्टीताई जखम धुवायच्या, गॉज ठेवून बांधायच्या, आणि तेवढ्यात रोग्याच्या सुनेपासून चपलेपर्यंत सगळ्याची चौकशी करायच्या.

नियम रोज पट्टी बदलण्याचा होता. पण लांबून येणारे एखादा दिवस चुकवत, आणि पट्टीताईंना दिसे की चुकवणाऱ्यांच्याच जखमा लवकर भरतात. रोज उघडलं की नवी कातडी गॉजबरोबर निघून येते, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या डॉक्टरांनी पुरावा विचारला, तेव्हा पट्टीताई म्हणाल्या, "हातच्या काकणाला आरसा कशाला?" डॉक्टरांनी त्यांना वरच्या मजल्यावर आकडेमास्तरांकडे पाठवलं.

आकडेमास्तर दवाखान्यातल्या संशोधनाची आकडेमोड बघायचे. कमी बोलणारा माणूस. सगळं ऐकून त्यांनी एकच शंका काढली: जखम बरी होत आली म्हणूनच लोक दिवस चुकवत नसतील कशावरून? पट्टीताईंना रागच आला.

मग रीतसर अभ्यास ठरला. राजीखुशीने आलेले साठ रोगी. कोणाला रोज आणि कोणाला एक दिवसाआड, हे बंद पाकिटातली चिठ्ठी सांगणार. पट्टीताईंची निवड चालणार नाही. सहा आठवड्यांनी जखम भरली का, ते दुसरीच नर्स बघणार, आणि कोण कुठल्या गटातला हे तिला ठाऊक नसणार.

एक दिवसाआडच्या तिसांतले एकोणीस बरे झाले, रोजच्या तिसांतले चौदा. पट्टीताई गड जिंकल्यासारख्या जिना चढून वर गेल्या. मास्तरांनी आकडे मांडले आणि चष्मा काढून ठेवला.

"ताई, आपण आधी धरून चालायचं की दोन्हींत काही फरक नाही. तसं असतं, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातून एकोणीस वेळा नुसत्या योगायोगाने दिसला असता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. शंभरात पाचाच्या आत आलं असतं, तर योगायोग म्हणायला मी कचरलो असतो."

"म्हणजे मी खोटी?"

"नाही. फरक नाही, असंही कुठे सिद्ध झालंय? माणसं कमी पडली."

आठवडाभर पट्टीताई तोंड फुगवून होत्या. मग स्वतःच वर गेल्या आणि किती माणसं पुरतील ते विचारलं. मास्तरांनी आकडेमोड करून तीनशे चाळीस सांगितली. चार दवाखाने एकत्र आले आणि नव्याने सुरुवात झाली.

दुसऱ्या वर्षी त्यांचा सख्खा थोरला भाऊ पायाला जखम घेऊन आला. अभ्यासात यायला तो आनंदाने तयार झाला. पाकीट फोडलं तर आत 'रोज'. पट्टीताई चिठ्ठी धरून उभ्याच राहिल्या. खोलीत दोघंच होती. दुसरं पाकीट उचललं असतं तर कोणाला कळणार होतं?

"दादा, नको असेल तर तू यातून बाहेर पडू शकतोस."

"तुझी पट्टी चांगली, हे नक्की माहीत आहे तुला?"

पट्टीताईंनी चिठ्ठी खाली ठेवली. "वाटतं. नक्की माहीत नाही."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कोणापाशी कबूल केलं नव्हतं.

"मग बांध की," दादा म्हणाला.

रोजच्या पट्टीने दादाची जखम पाच आठवड्यांत भरली. त्यावरून त्याने बहिणीची खोड काढायची एकही संधी सोडली नाही. एका माणसावरून काही ठरत नसतं, असं पट्टीताई त्याला सुनवायच्या, अगदी मास्तरांच्या सुरात.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी निकाल लागला. प्रत्येक गटात एकशे सत्तर. एक दिवसाआडचे एकशे चार बरे, रोजचे ब्याऐंशी. दोन्ही पद्धती सारख्याच असत्या, तर असा फरक शंभरातून दोनदाही दिसला नसता. पट्टीताईंचं म्हणणं टिकलं. पण त्यांना वाटायचं, आपल्या पट्टीने दुप्पट लोक बरे होतात. प्रत्यक्षात आठ रोग्यांमागे साधारण एक जास्त. ऐकून त्या थोड्या हिरमुसल्या, तरी अहवालात हाच आकडा ठळक लिहा, असं त्यांनीच सांगितलं.

नियम बदलला. लांबून येणाऱ्यांच्या खेपा निम्म्या झाल्या.

पट्टीताईंची आणखी एक ठाम समजूत होती: कोमट पाण्याने धुतलेली जखम लवकर भरते. तीही त्यांनी आपणहून मास्तरांपुढे ठेवली. या वेळी पुरेशी माणसं घेऊनही फरक काही दिसला नाही. त्यांनी वाद घातला नाही. निवृत्त होईपर्यंत थंडीच्या दिवसांत मात्र त्या पाणी कोमटच घेत. नव्या नर्सने विचारलं तर सांगत, जखमेसाठी नव्हे, माणसाचा पाय गारठतो म्हणून.