अंबूबाईच्या नावाची धून

वडनेर भोलजीत तेव्हा नवरा-बायको एकमेकांचं नाव तोंडानं घेत नसत. बायकोला निदान उखाणा तरी होता; नवऱ्याचं नुसत्या ‘अवं’वर भागे. अंबूबाईचे यजमान नारायणराव पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. बाकीच्यांच्या बायका छावणीत राहात, म्हणून अंबूबाईनंही रडून धोशा लावला, मले घेऊन चला. यांनी नेलं नाही. गोठ्यामागं बसून एक धून वाजवली अन् म्हणाले, "तुह्यं नाव घेता येत नाही मले, म्हून सुरात बसवलं. हे फक्त तुह्यं."

एवढ्या शिदोरीवर अंबूबाईनं जवानी काढली. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं हागणं-मुतणं काढलं तेही मनात ती धून घोळवत. हे सुटीत येऊन वाजवू लागले की हातातलं टाकून ती दारात. शेजारणी हसत, "अंबे, तुह्या नावाचा भोंगा वाजून राह्यला, जाय!" तिला त्या हसण्याचाही तोराच वाटे.

यंदा नात अर्पिता एनसीसीतून जिल्ह्याच्या सव्वीस जानेवारीच्या परेडला निवडली गेली, म्हणून दोघं बुलढाण्याला गेले. नारायणरावांचे गुडघे गेलेले. खुर्चीत बसवलं की कोणी हात दिल्याशिवाय उठणं नाही. पोलिसांच्या बँडानं सूर धरला अन् अंबूबाईच्या अंगावर काटाच आला.

"अहो, ऐकलं का? माह्यं नाव!" तिनं पदर सारखा केला. "तुमच्यापासून शिकले वाटते हे?"

नारायणराव बुटाकडे पाहात राहिले.

परेड सुटली. अर्पिता धापा टाकत आली. "आजी, मी दिसली का?"

"दिसली वं. पण ते वाजवत होते, ते कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? मार्च आहे तो. रोज त्याच्यावरच चालवतात आमाले. आबा, तुमच्या पलटणीतही हाच होता ना?"

"हो. इंग्रजाच्या जमान्यापासून आहे," नारायणराव बोलून गेले.

"मंग माह्यं?" अंबूबाईनं विचारलं.

"अवं, तू रडून राह्यली होती. काहीतरी सांगा लागे ना तुले घरी ठेवाले!" अन् हसले. जशी काही मोठी गंमतच केली होती.

लोक उठू लागले. नारायणरावांनी हात पुढे केला. अंबूबाईनं आपले हात पदराखाली घेतले.

"नाव घेऊन बोलवा. मंग देईन हात."

"खुळी झाली का? लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या."

त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. ओठ हलले, पण नुसतेच. मग मान वळवून जोरात हाक मारली, "अर्पिता! ये वं, उठव मले."

नातीचं नाव भर मैदानात कसं खणखणीत निघालं.