चार पुड्या आणि मामाजींची जीभ

चहा चाखायचा तो घरात, दुकानात नाही, असा माझ्या सासऱ्यांचा नियम होता. सेलूच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. तिथे मिरची, हिंग आणि रॉकेल यांचा मिळून एकच वास झालेला असे. त्यात चहाचा वास कळणार कसा? म्हणून नागपूरचा दलाल दरवर्षी कापसाच्या गाड्या बाजारात यायच्या आधी आमच्या घरी येई, ओसरीवर नमुन्याच्या पुड्या मांडी, आणि मामाजी एकेक चाखून कोणत्या पेट्या पाठवायच्या ते सांगत. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात, सासूबाईंना मामीजी. मामाजींनी काय घेतलं हे विचारून आसपासचे दुकानदार आपला माल मागवत. सावकारी नाही, मोठी शेती नाही. गावात त्यांचा मान होता तो या जिभेमुळे.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. नवरा वर्ध्याला कचेरीत होता, रविवारी घरी येई. माझं माहेरही वर्ध्याचंच. वडील खादीवाले, आश्रमात जाणारे-येणारे, त्यामुळे घरात चहाला बंदी. आम्ही भाजलेल्या गव्हाचा काढा गूळ घालून पीत होतो आणि तो आवडतो असं पाहुण्यांना सांगत होतो. खरा चहा मी सासरीच पहिल्यांदा प्याले.

मामाजींनी मला शिकवलं असं म्हणता येणार नाही, कारण त्यांच्यासमोर मी तोंड उघडत नव्हते. दाराआडून ऐकायचं आणि आत तसं करायचं. पूड रुपयाच्या नाण्याशी तोलायची. पाणी एकदाच उकळायचं, पुडीवर ओतायचं, वर ताटली झाकून शंभर आकडे मोजायचे. साखर नाही, दूध नाही. मामाजी आधी कप नाकाशी नेत, मग आवाज करत घोट घेत आणि पिकदाणीत थुंकत. थंडीसाठी दुकानातून जो घरचा चहा विकला जाई त्यात सुंठ किती, वेलदोडा किती, गवती चहाची वाळलेली पात किती, हेही असंच ठरे. तुळस मात्र त्यांना चालत नसे. “तुळस पूजेले, चहाले नाई,” म्हणायचे.

त्या पावसाळ्यात त्यांना विषमज्वर झाला. तीन आठवड्यांनी उठले, दुकानात जाऊ लागले. सगळं पूर्ववत झालं असं मी धरून चालले.

एका सकाळी कंदिलात रॉकेल भरून मी हात नुसते पदराला पुसले आणि त्याच हातांनी चहा गाळायचं फडकं पिळलं. मामीजींनी एक घोट घेतला आणि मोरीत थुंकला. “अवं, रॉकेल!” मी ओसरीकडे धावले. मामाजींचा कप रिकामा झाला होता.

“आज आलं मस्त उतरलं,” ते म्हणाले.

आलं मी घातलंच नव्हतं.

मामीजींनी मनगट धरून मला स्वयंपाकघरात ओढलं. “तू काई पाह्यलं नाई.”

“पण मामीजी, दलाल येईल दिवाळी झाली की.”

“मले मालूम नाई का? त्यायले वास येत नाई, महिना झाला. परवा डाळ करपली तं म्हणे छान झाली. मी बोलली नाई, तू बी बोलू नको. गावाले कयलं तं त्यायच्याजवळ राह्यते काय?”

पण हिशेब सरळ होता. दलालाचा एखादा नमुना खराब निघाला आणि मामाजींनी तोच घेतला, तर तो चहा सगळा हिवाळा आमच्या दुकानातून जाणार. कापूस विकून परतताना माणसं चहाच्या पुड्या घेऊन जात. ती एकदा फसतात, दुसऱ्यांदा दुसऱ्या दुकानात जातात. आणि मग मामाजींची जीभ गेली हे सांगायला कुणाची गरज उरणार नव्हती.

दलाल आला तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. ओसरीवर बसल्या बसल्या त्याने चार पुड्या आत पाठवल्या. मी त्या एकेक करून उघडल्या. तिसरी उघडली आणि थांबले. कुबट वास होता, भिजून वाळलेल्या गोणपाटासारखा. खात्री करायची म्हणून थोडी पूड वेगळ्या वाटीत भिजवली आणि एक घोट घेतला. बाहेर पुरुषांना द्यायच्या आधी सुनेने चाखणं म्हणजे उष्टं. मामीजींनी भिंतीकडे तोंड केलं.

“खराब आहे,” मी म्हटलं.

“मंग?” त्या भिंतीलाच म्हणाल्या.

माझ्या डोक्यात एक युक्ती आली आणि ती मला फार शहाणपणाची वाटली. वास जरी गेला तरी गोड-कडू मामाजींना कळत होतं. कारल्याला ते अजून तोंड वाकडं करत. मग हाच चहा इतका कडू करायचा की त्यांनी आपणहून बाजूला सारावा. बाकीचे तीन मी नेहमीसारखे केले. तिसरा चुलीवर ठेवून काजळासारखा होईपर्यंत उकळला. मामीजींनी ताट बाहेर नेऊन ठेवलं आणि आम्ही दोघी दाराच्या फटीशी उभ्या राहिलो.

पहिला कप मामाजींनी नाकाशी नेला, घोट घेतला, थुंकला. “हं.”

दुसरा. “बरा आहे.”

आवाज सपाट होता. मांडीवर ठेवलेल्या डाव्या हाताची बोटं मिटत होती, उघडत होती. दलाल पुढे वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

तिसरा घोट त्यांनी थुंकलाच नाही, गिळला. मान वर आली. तोंडावर तरतरी आली.

“हा! याले म्हणते चहा!”

“सेठजी, आपकी जबान का जवाब नहीं,” दलाल म्हणाला. “औंदा कितीक पेट्या लिहू?”

दोन महिन्यांत त्यांच्या जिभेपर्यंत पोचलेला तो पहिलाच चहा होता, आणि तो तिथवर पोचवला होता मी.

“आता काय करतं वं?” मामीजी कानाशी पुटपुटल्या.

दलालाने वही काढून मांडीवर ठेवली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. मी पदर कपाळापर्यंत ओढला आणि बाहेर गेले.

“मामाजी, तिसरा कप मी चुलीवर उकळला. तो नमुन्यासारखा केलेला नाही.”

दीड वर्षात मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. दलाल हसला. “बहूजी, उकळला तं काय झालं? इधर के लोग कडकच पितात.”

मामाजी हसले नाहीत. “काऊन उकळला?”

खोटं बोलले असते तर पेट्या लिहिल्या जाणार होत्या. खरं बोलायचं तर दलालासमोर. मी मधलं बोलले. “त्याला वास आहे, मामाजी.”

त्यांनी कप नाकाशी धरला. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. नाकपुड्या हलत होत्या आणि नजर कपात होती. मला दिसत होतं की त्यांना काहीही येत नाही. दाराआड मामीजींच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. दलाल एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघू लागला. अजून थोडा वेळ गेला असता तर त्याला कळलं असतं.

मामाजींनी कप खाली ठेवला.

“पेन्सिल ठेवा, दलालसाहेब. औंदा आमची सून चाखते. मी तिची परीक्षा घेऊन राह्यलो होतो. हा कप मी पसंत करतो म्हटल्यावर बोलते का चूप बसते, ते पाह्यचं होतं.”

“ये चाखेंगी?”

“बस वं इथं,” मामाजी मला म्हणाले आणि पिकदाणी माझ्याकडे सरकवली.

मी बसले. दोन पुरुषांसमोर आवाज करत घोट घेतले आणि थुंकले. लाज वाटायला सवड नव्हती. पहिला पातळ होता, दुधात मेला असता. दुसरा चांगला, वास तोंडात रेंगाळणारा. चौथा नुसती भुकटी, पण रंग देणारा.

“दुसरा तीन वाटे, चौथा एक वाटा,” मी म्हटलं. “तिसरा नको. ओल लागली आहे.”

दलालाने तिसरी पुडी आतून मागवून स्वतः उघडली, नाकाला लावली आणि लगेच मिटली. “मालगाडीत भिजली असन,” तो म्हणाला. मी सांगितलं तेच त्याने वहीत लिहिलं आणि दुपारच्या मोटारीने गेला.

मामाजी ओसरीवर बसून राहिले. मी कप उचलायला गेले.

“कधीपासून ठाऊक आहे?”

“रॉकेलच्या दिवसापासून.”

“कोणतं रॉकेल?”

मी सांगितलं. ते ऐकत होते, मध्येच बोटांवर दिवस मोजत होते.

“म्हणजे त्या दिवशी आलं नोयतं?”

“नव्हतं, मामाजी.”

“मले वाटलं होतं, थोडं थोडं परत येऊन राह्यलं.”

त्यांनी ताटातला तिसरा कप उचलला. चहा थंड होऊन वर साय धरल्यासारखा झाला होता. तो त्यांनी तळापर्यंत प्यायला.

“हा मात्र लागते,” म्हणाले.

त्यांचा वास परत आला नाही. दलाल पुढल्या वर्षी आला तेव्हा पुड्या सरळ माझ्यासमोर ठेवल्या. मामाजींचा चहा मी वेगळ्या भांड्यात काळा होईपर्यंत उकळू लागले, त्यांच्या जिभेला लागेल इतका. आधी स्वतः एक घोट घेऊन बघायचे, मग त्यांना द्यायचे. उष्ट्याबद्दल कुणी काही म्हटलं नाही.