हबीबचाचांसाठी जोडलेले हात

देवाशी माझं बोलणं भूकंपातच तुटलं होतं. किल्लारीजवळच्या आमच्या गावात आई, वडील आणि धाकटी बहीण ढिगाऱ्याखाली गेली. मी शिकायला लातूरला होते म्हणून उरले. भेटायला येणारं प्रत्येक माणूस म्हणायचं, देवानं तुला राखलं. त्या वाक्याची मला चीड यायची. मला राखणाऱ्याला बाकीची दिसली नाहीत का, असं वाटायचं. पुढे लग्न झालं, लातुरातच शाळेत नोकरी लागली. सणवार केले, उपवास केले, पण देवाजवळ मागितलं कधी काही नाही.

मग आमचा ओंकार अकरावीला गेला आणि घरात गाडीचा विषय सुरू झाला. एक क्लास गावाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधे टेस्ट. सायकल होती, पण सायकलवर जाणारा सगळ्या बॅचमध्ये तो एकटाच उरलाय म्हणे. ह्यांनी एक दिवस मोटरसायकलच दारात आणून उभी केली. अजून लायसनचं वय नाही त्याचं, असं मी म्हटलं, तर म्हणाले, लातुरात कुणाच्या पोराला वय आहे? टाइम तरी वाचतो. वाचलेला टाइम कुठं जात होता ते मला दिसत होतं. रिंग रोडवर कोण पुढं जातंय याच्या शर्यती लागायच्या. आमच्या गल्लीतून त्याची गाडी आली की शेजारच्या काकू दारातलं नातवंड उचलून आत पळायच्या. मी रागावले, समजावलं, अबोला धरला. चावी लपवली तर हेच शोधून द्यायचे. भरलेला वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करणारी मी, घरातल्या एका पोरापुढं पार थकून गेले होते.

एका दुपारी शाळा सुटता सुटता फोन आला. ओंकारच्या गाडीनं एका म्हाताऱ्या माणसाला उडवलं होतं.

मी तशीच सरकारी दवाखान्यात गेले. ओंकार बाकावर बसला होता. कोपर सोललेलं, त्यावर कुणाची तरी हिरवी ओढणी बांधलेली. ती ओढणी शाहीनची होती, हे मला नंतर कळलं. ज्यांना धडक बसली ते हबीबचाचा तिचे सासरे. शिवणकाम करणारे, नमाज पढून घरी निघाले होते. आमचे चिरंजीव दुसऱ्या गाडीला मागं टाकण्याच्या नादात त्यांच्यावर गेले. जमलेले लोक ओंकारला मारायला धावले, तेव्हा आवाज ऐकून घरातून धावत आलेल्या शाहीननं त्याला आपल्या पाठीशी घेतलं आणि दोघांनाही एकाच ऑटोत घातलं. एका हातानं सासऱ्याचं डोकं मांडीवर धरलेलं, दुसऱ्या हातानं ओंकारची जखम दाबलेली. हे सांगताना ओंकारला रडू आवरेना. मला मात्र तेव्हा त्याची कीव आली नाही. रागच आला.

चाचांच्या डोक्याला मार होता, खुब्याचं हाड मोडलं होतं. ते शुद्धीवर येत नव्हते. तेवढ्यात हे आले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, पोलीस आले की मी सांगतो, गाडी मी चालवत होतो. पोराचं वर्ष, पोराचं करिअर. मी मागं वळले.

शाहीन दारापाशी उभी होती. मला वाटलं, आता ही मला बोलेल, आणि बोलायलाच पाहिजे. ती एवढंच म्हणाली, "ताई, मी दुवा करून राहिले. तुम्ही बी तुमच्या देवाला सांगा."

आवारात लिंबाखाली मारुतीचं लहानसं देऊळ होतं. मी तिथं जाऊन उभी राहिले. हात जोडले आणि पहिलं नाव ओंकारचंच आलं. त्याला सोडव, केस होऊ देऊ नको. माझं मलाच ते ऐकवेना. एक माणूस आत निपचित पडलाय आणि मी हे काय मागतेय? मग खूप वेळ नुसती रडले. शेवटी म्हणाले, "देवा, त्या माणसाला जिवंत ठेव. माझ्या पोराचं जे व्हायचं ते होऊ दे. खोटं मी बोलणार नाही." इतक्या वर्षांत मी मागितलेलं ते पहिलं मागणं, आणि ते माझ्या घरासाठी नव्हतं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं.

परत आले तर शाहीन डोळे पुशीत माझ्याकडेच येत होती. चाचांनी डोळे उघडले होते. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर ते पोरगं कसं हाय, त्याला लई लागलं का. याला काय म्हणायचं मला माहीत नाही. डॉक्टरांनी सलाईन, इंजेक्शन सगळं केलंच होतं. मी फक्त जे घडलं ते सांगतेय.

हवालदार आले. ह्यांनी तोंड उघडलं, त्याआधीच मी म्हणाले, "गाडी माझा मुलगा चालवत होता. त्याचं लायसन नाही. गाडी त्याच्या हातात दिली ती आम्ही."

गाडी जप्त झाली. पोराला बालन्याय मंडळापुढं उभं राहावं लागलं, ह्यांच्यावरही केस झाली. हे बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नातेवाइकांनी मला आई आहेस की कोण असं विचारलं. त्या दिवसांत मन कितीदा तरी कचरलं, पण त्या झाडाखाली जे सोडून दिलं होतं ते परत उचलावंसं वाटलं नाही.

चाचा आता काठी धरून चालतात. त्यांच्या बोळात ऑटो शिरत नाही, म्हणून दवाखान्याच्या दिवशी ओंकार त्यांना हात देऊन कोपऱ्यापर्यंत नेतो. चाचा चार पावलं टाकतात, थांबतात, कुणाची तरी खुशाली विचारतात. हा घड्याळ बघतो, तोंड वाकडं करतो. मी मागून चालताना माझं डोकं अजूनही तापतं. परवा त्यानं जरा ओढल्यासारखं केलं, तर चाचा शांतपणे म्हणाले, "हळू रे बाबा. मला घरला वापस यायचं हाय."

ओंकार थांबला. पुढं कोपऱ्यापर्यंत तो त्यांच्याच चालीनं चालला. पोराला शहाणं करणं माझ्या हातात नाही, हे मला आता पटलंय. ज्याच्या हातात आहे, त्यानं त्याला चालायला हबीबचाचांसारखी सोबत दिली. त्याचे उपकार मी कसे फेडू?