चंद्राचं बटण
नव्या कीबोर्डच्या प्लॅस्टिकचा वास आला की मला रेणापुरातल्या माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातली ती दुपार आठवते. दुकानातल्या कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टीमवर नव्या कीबोर्डची वरची जादा बटणं चालत नव्हती. सकाळभर खटपट करून मी ती चालू केली आणि चंद्राचं चित्र असलेल्या बटणाला काम दिलं, न विचारता मशीन बंद करायचं. लाईट गेली की बॅटरी संपायच्या आत बंद करायची घाई होते म्हणून. दुपारी एक बाप मुलीला घेऊन तिचा नर्सिंगचा फॉर्म भरायला आला. शेवटचा दिवस होता, पाचला मुदत संपणार होती. “साहेब, हितं तर चंद्र बी उगवलाय की!” त्या बटणाकडं बघून तो हसला. मीही हसलो, पण त्या चंद्रानं काय होतं ते सांगितलं नाही. पाचला चार मिनिटं असताना मी म्हणालो, “आता पाठवतो.” त्यानं कीबोर्डवर हात टेकवला आणि कपाळाला लावला, पेरणीआधी तिफणीला लावतात तसा. पडदा काळा झाला. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत पाच वाजून गेले होते. तो तळहाताकडं बघत मुलीला म्हणाला, “माझाच हात वंगाळ हाय, माय.” खरं काय ते माझ्या तोंडाशी आलं आणि मी ते गिळलं. गेल्या आठवड्यात तो धाकटीला घेऊन आला. तिला आत पाठवून स्वतः दाराबाहेर थांबला, दोन्ही हात पाठीमागं धरून. “आत या ना,” मी म्हणालो. “नगं साहेब, माझा हात लांबच बरा.” मी फॉर्म पाठवला, पावती तिच्या हातात दिली आणि याही खेपेला गप्प बसलो.