ओटीतलं खोबरं विमानात चालत नाई

“ये नहीं जाएगा, डस्टबिन में डालो!” वर्दीवाली बाई म्हने, अन् माह्या पदराच्या गाठीतली खोबऱ्याची वाटी तिनं दोन बोटांनं उचलली, जसा इंचूच सापडला. काखेत आठ महिन्याची पोरगी रडून राहिली, मांगं ही मोठी लाइन, तिकडं माइकवर हैदराबादच्या विमानाचं नाव घेऊन राहिले. माह्या करडी गावच्या बायाहो, अन् माह्यासारख्या दूर देलेल्या पोरीहो, ओटी कोनी कचऱ्यात टाकते का?

झालं असं का, सकाळी निघताना मायनं ओटी भरली. पाच मुठी तांदूळ, हळकुंड, सुपारी अन् ते खोबरं. पदराले गाठ मारून कंबरेले खोचली. म्हने, “तिकडं आपल्या देवापुढंच सोडजो. मधात खाली ठेवली, फेकली, तं माहेर तुटते.” बॅगेतबी ठेवू देली नाई.

बाबा म्हने, “अवो, पोरगी विमानात चालली, बैलबंडीत नाई.”

“तं मंग? विमानातल्या बायाइले माहेर नसते का?”

पहिले बरं होतं. लगन झालं तवा तुमसर रोडहून रेल्वेनं गेली. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून डबा, लोनचं, पोह्याची पिशवी, सारं अंदर येऊन राहिलं. माय गाडीसंगं चालली, मंग धावली. आता गोंदियाले विमान उतरते. जेवून निघा, चहाले हैदराबाद. पन मायले काचेच्या दाराबाहेरच थांबवलं. दारावरच्या शिपायानं तिकीट मागतलं. माय म्हने, “मी तिची माय आहो!” त्यानं म्हटलं, माय असनं तिकीट म्हनून नाई चालत.

तं आता ते खोबरं. बाई म्हने, “सूखा नारियल आग पकड़ता है.” मी म्हटलं, “बाई, सकाळी ओल्या लाकडाची चूल फुकून फुकून मायचे डोळे सुजले. हे माहीत असतं तं खोबरंच नसतं का लावलं?” ती हासली नाई. मले रडू आलं. विमान सोडू का माहेर सोडू?

मांगून सानगडीची एक मावशी, पोराकडं चाललेली, म्हने, “खाऊन टाक न वो! पोटात गेलं ते फेकलं थोडंच होते?”

पन वाळलेलं खोबरं ते, अन् चाकू तं अंदर येतच नाई. मावशीले समोरचे दात नाई. मंग एका टायवाल्या साहेबानं ते लोखंडी दांडीवर आपटलं, फटाक! दोन शिपाई धावतच आले. तोपर्यंत मी, मावशी, साहेब, त्याची बायको, सारी लाइन कटरकटर चावून राहिली. पोरगीबी चोखत गप झाली. वर्दीवाल्या बाईले तुकडा देला तं म्हने, “ड्यूटी पे हूँ,” अन् आमचं होईपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तांदूळ तिनं मशीन फिरवून पदरातच राहू देले.

वरून पाहिलं तं तलावच तलाव, आरसा फुटल्यावानी. करडीचा कोनता, ते समजे नाई. मंग मी साऱ्याइलेच हात हलवला.

आता इथं हैदराबादले तिसऱ्या मजल्यावर राहतो आमी. शेजारीन मले ‘अम्मा’ म्हनते, लिफ्टचं भेव गेलं, इडली फुगते. पन देवाजवळच्या वाटीत करडीचे पाच मुठी तांदूळ आहेत, अन् तेवढ्याच जागेले मी घर म्हनतो. त्याचा एक दाना शिजवला नाई अजून.

मायचा फोन आला. “खोबरं फोडलंस न वो?”

“फोडलं, माय.”

“साऱ्याइले वाटलंस?”

“लाइनीनं वाटलं.”

माय खुश. म्हने, “पुढच्या बारीले दोन वाट्या बांधीन.”

तवापासून मले झोप नाई. खरं सांगू तं माय म्हनन, माहेर तुटलं. नाई सांगू तं ती दोन बांधन, अन् पुढच्या लाइनीतल्या लोकाइले दात असतीन का नाई, कोनाले माहीत? तुमीच सांगा न वो, माह्या जागी तुमी असत्या तं काय केलं असतं?