परातीखालचा तुकडा

मी झोपेत बोलते का, हे मी वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला दोनदा विचारून घेतलं आहे. नाही म्हणते. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास नाही — माझा कुणावरच नसतो — पण ती खरं बोलत असेल, तर आता सांगणार आहे ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही.

तुम्हालाच का सांगते? समोर माणूस बसला की मी त्याच्या हातांकडे बघत राहते आणि गप्प होते. तुमचे हात मला दिसत नाहीत. एवढंच कारण असेल.

गोष्ट मांसाच्या एका तुकड्याची आहे. ऐकायला किती क्षुल्लक वाटतं, नाही?

तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक होऊन नागपूरच्या इंग्रजी शाळेतून चांद्याला घरी परतले होते. बाबा धानोऱ्याकडच्या जंगलातून लाकूड आणून माजरीच्या बाजूच्या एका कोळसा खाणीला पुरवायचे. घरात आई नव्हती. ती मी लहान असतानाच गेली. घर आत्याबाई चालवायच्या. बाबांची ही थोरली बहीण परकरी वयात विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. आमच्यात मटण, मासे सगळं चालतं, पण आत्याबाईंना नाही. विधवेनं खायचं नाही, म्हणून त्यांनी तेव्हापासून कधी तोंडात घातलं नव्हतं. त्यांची चूल वेगळी, भांडी वेगळी. आमच्या चुलीवर भागरथाबाई असायची. तलावावर मासे धरणाऱ्या घरातली, बोलायला मोकळी, हाताची चपळ.

मला ती पहिल्या दिवसापासून खटकली. का? ती फार हसायची, म्हणून असेल. माझ्या इंग्रजी पुस्तकांकडे बघून म्हणायची, "बेबीबाई, हे मुंग्या चालल्यासारखं काय वाचून राह्यल्या वो?" मी पान उलटायची. आणि तिची पाठ वळली, की तुपाच्या बरणीत नखानं रेघ ओढून ठेवायची. तूप रेघेच्या खाली कधी गेलं नाही. मला त्यानं बरं वाटायला हवं होतं. उलट वाटायचं — हिला रेघ दिसली असणार.

अशी होते मी. हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

त्या थंडीत बाबांनी खाणीच्या मॅनेजरला जेवायला बोलावलं. इंग्रज माणूस. पुढच्या वर्षी लाकूड कुणाकडून घ्यायचं हे त्याच्या हातात होतं. बाबांच्या एका मित्राकडे शिकारीचा परवाना होता, त्यानं सांबर मारून पाठीच्या कण्यालगतचा लांब पट्टा पाठवून दिला. बाबा मला म्हणाले, "तू शाळेत शिकलीस ना साहेबी स्वयंपाक? मग कर. रस्सा नको, त्याला तिखट चालत नाही."

शाळेत आमच्या मिसनं स्टेक करायला शिकवलं होतं. मला ते आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नाही, फक्त नीट बघावं लागतं. मांसाच्या धाग्याला आडवे, दोन बोटं जाड असे चार तुकडे मी कापले: साहेबाला दोन, बाबांना एक, मला एक. फडक्यानं टिपून अगदी कोरडे केले, कारण ओलं मांस भाजत नाही, शिजतं. सांबराला चरबी नसते, म्हणून दोन्ही अंगांना तूप चोळलं. मीठ आणि जाडसर कुटलेली मिरी. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवला. तुकडा पडला की चर्र आवाज झाला पाहिजे आणि मग त्याला हात लावायचा नाही. दाबायचा नाही, हलवायचा नाही. खालची बाजू तांबूस-काळी झाली, की एकदाच उलटायचा आणि कडेनं चमच्याचमच्यानं तूप सोडायचं. बोटानं दाबून बघायचं; अजून थोडा लुसलुशीत लागत असतानाच काढायचा.

दारात आत्याबाई पदर नाकाला लावून उभ्या होत्या. सोवळं असूनही त्या दिवशी त्या दारातून हलल्या नाहीत, हे मी तेव्हा नुसतं पाहिलं, त्याचा विचार केला नाही.

"आतून लालच आहे की गं," त्या म्हणाल्या. "कच्चंच वाढायचं होतं तर चूल कशाला पेटवलीस? उन्हात धरायचंस."

भागरथाबाई खो खो हसली. "आत्याबाई, साहेब बी तं लालच आहे ना वो, उन्हात धरल्यावानी!"

आत्याबाईसुद्धा हसल्या. त्या दोघींना एकत्र हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. स्टेक तव्यावरून काढला की लगेच वाढायचा नसतो. थोडा वेळ झाकून स्वस्थ ठेवावा लागतो. तेवढ्यात आतला रस मांसात परत मुरतो. घाईनं कापला तर सगळा ताटात वाहून जातो आणि मांस कोरडं पडतं. मी चारही तुकडे ताटात ठेवले, वर पितळी परात पालथी घातली आणि दोघींना बजावलं, कुणी हात लावायचा नाही. भागरथाबाई तवा घेऊन मागच्या पायरीवर घासायला बसली. मी धुराच्या वासाची साडी बदलायला गेले.

परत येताना वाटेत देवघर लागतं. दार लोटलेलं होतं, पुरतं नाही. फटीतून मला आत्याबाईंची पाठ दिसली. त्या उभ्या होत्या. आत्याबाई देवघरात कधी उभ्या राहत नसत. कानाखालचं हाड हलत होतं — हळू, फार हळू. मनगटावरून काहीतरी ओघळलं, ते त्यांनी जिभेनं टिपलं. मग क्षणभर भिंतीला कपाळ टेकलं. आणि पुन्हा चावू लागल्या.

मी मागे सरले. त्यांनी मला पाहिलं नाही — असं मला वाटलं.

इथे तुम्ही म्हणाल, मुलगी लहान होती, घाबरली, गप्प बसली. तसं असतं तर मी हे लिहायलाच बसले नसते. मी गप्प बसले नाही. स्वयंपाकघरात गेले, परात उचलली, तीन तुकडे मोजले आणि मोठ्यानं ओरडले, "बाबा, एक तुकडा कमी आहे!"

मी. जिला घरात कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

का ओरडले? मला बघायचं होतं. आत्याबाई आता काय करतात, त्यांचा चेहरा कसा होतो. बरणीतली रेघ बघायला जावं, तसं.

त्या आल्या. ओठ पुसलेले होते. त्यांनी परातीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. आणि मी सगळं पाहिलं आहे, हे त्यांना तिथेच कळलं. मग बोट मागच्या पायरीकडे गेलं. "तीच होती इथे. दुसरं कोण असणार?"

भागरथाबाईचे हात राखेनं भरलेले होते. ते तिनं तसेच पुढे केले. "आत्याबाई, देवाशप्पथ, मी हात नाई लावला. मले खायाचंच असतं तं मांगून घेतलं असतं जी. चोरून काऊन खाईन?"

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. बाबा दबक्या आवाजात, पण दात आवळून म्हणाले, "पाहुण्याच्या आधी तोंड लावतेस? नीघ. पुन्हा पाय ठेवू नकोस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बेबीबाई, तुमी तं मले पायरीवर पाह्यलं ना? सांगा ना वो तुमच्या बाबाले."

मी साडीची निरी सारखी केली. म्हणाले, "मी कपडे बदलत होते. मला काय ठाऊक?"

ती मागच्या दारानं गेली. तवा अर्धा घासलेला तसाच राहिला. साहेबानं पहिला तुकडा कापला, तेव्हा आत गुलाबी रंग होता आणि ताटात थेंबही वाहिला नाही. इतका रसाळ स्टेक हिंदुस्थानात खाल्ला नाही, असं तो म्हणाला. मी मान खाली घालून हसले. कमी पडलेला तुकडा माझा, असं धरलं गेलं. त्याबद्दल बाबांनी माझं कौतुकही केलं.

हे एवढंच असतं, तर कदाचित कुणाला तरी सांगितलं असतं. आत्याबाईंची दया आली म्हणून खोटं बोलले, असं म्हणता आलं असतं; ऐकणाऱ्याचे डोळेही भरून आले असते. पण मला दया आली नव्हती. मला काहीतरी सापडलं होतं.

आत्याबाईंना मला कॉलेजात धाडायचं नव्हतं. वरोऱ्याकडचं एक स्थळ त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. ती माणसं बघायला यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी आत्याबाई जेवायला बसल्या होत्या, भात आणि वरण. मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, "आत्याबाई, पोट भरतं का हो तुमचं एवढ्यानं?"

फक्त एवढंच. त्यांचा हात ताटावर थांबला. संध्याकाळी त्यांनी बाबांना सांगितलं, पोरीला शिकू दे, घाई कशाला.

नंतर वसतिगृहासाठी असंच. सुट्टीत घरी न येण्यासाठी असंच. मला काही बोलावं लागत नसे. त्यांच्या ताटाकडे जरा जास्त वेळ बघितलं की पुरे व्हायचं. त्या वाळत गेल्या. आधी रात्रीचं जेवण सोडलं, मग एकेक वार धरत गेल्या. लोक त्यांना फार धार्मिक म्हणू लागले. गेल्या वर्षी त्या गेल्या. मी तेरवीला गेले आणि सगळं नीट पार पडतं का, ते बघत बसले.

भागरथाबाईला त्यानंतर आमच्या गल्लीत कुणी स्वयंपाकघरात घेतलं नाही. दुसऱ्या गल्लीतही नाही. हे मला कळत होतं. न विचारता बरंच कळतं मला.

ती मला भेटली या उन्हाळ्यात, माजरीच्या फलाटावर. माझी गाडी थांबली होती. ती कोळशाच्या टोपल्या वाहणाऱ्या बायकांबरोबर सावलीत बसली होती. तिनंच ओळखलं. खिडकीशी आली. हसली नाही.

"बेबीबाई, शिकून मोठ्या झाल्या जी." मग आत्याबाईंचं विचारलं. गेल्या म्हटल्यावर हळहळली, खरोखर हळहळली. मग खिडकीची दांडी धरून हळूच म्हणाली, "एक इचारू? रागावू नका. इतके वरीस झाले, सारे म्हन्तेत तूच खाल्लं, तूच खाल्लं. माह्यी पोरगी बी म्हन्ते. आता मलेच कधी कधी वाट्टे, मीच खाल्लं का काय? यादच नाई येत. तुमाले याद आहे का वो, खरं काय झालं ते?"

आत्याबाई गेलेल्या होत्या. लपवण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. डब्यात मला ओळखणारं कुणी नव्हतं. गाडी सुटायला वेळ होता. एक वाक्य — तेवढं तिला पुरलं असतं.

मी तिच्या हाताकडे पाहिलं. मग माझा हात त्यावर ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे, भागरथाबाई. मी तुला केव्हाच माफ केलंय."

तिनं दोन्ही हात जोडले.