तुटलेला बोल्ट आणि नवसाचा दिवा

बोल्ट तुटला तो माझ्याच हाताने, आणि तोही खबरदारी घेताना. दत्तजयंतीची सकाळ होती. आदल्या दिवशी यशवंतपूरच्या बाजारातून प्रसादाचा गूळ आणि रवा साइडकारमध्ये घालून आणताना चढावर मोटरसायकलचे इंजिन फुसफुसत होते. म्हणून सकाळच्या कामांच्या यादीत मी पहिलेच काम लिहिले होते, हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट आवळणे. बाकीचे निमूट बसले. शेवटच्याला ‘आणखी थोडा’ म्हणून पान्यावर जोर दिला आणि तो एकाएकी मऊ लागला. ज्याने हत्यार धरले आहे त्याला त्या मऊपणाचा अर्थ सांगावा लागत नाही. बोल्टचे डोके पान्यात आले आणि खालचा तुकडा सिलिंडरमध्ये राहिला, कित्येक वर्षांच्या गंजाने आट्यांना घट्ट धरून.

एरवी मी गाडी भिंतीला लावून दुसऱ्या कामाला लागलो असतो. पण त्या दिवशी होसकोट्याहून अक्काला आणायचे होते. अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. बसवनगुडीतल्या आमच्या दत्ताच्या देवळात जयंतीला पाळण्याची दोरी ओढायला ती कळत्या वयापासून कधी चुकली नव्हती. त्या वर्षी ती पडली, खुब्याचे हाड मोडले आणि होसकोट्याला मुलाच्या घरी खाटेला खिळली. हृदयही थकले आहे, पुढच्या जयंतीचे काही सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते. बसची पायरी तिला चढवणार नव्हती, पाय दुमडणार नव्हता. साइडकारमध्ये मात्र गादी घालून, पाय लांब करून आणायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. मार्गशीर्षातली लग्नाची तिथी असल्यामुळे भाड्याची एकही मोटार मोकळी नव्हती, हेही मी धावत जाऊन विचारून आलो. देवाचा जन्म सूर्यास्ताला. त्याच्या आत जाऊन यायचे होते.

माझी दत्तावर श्रद्धा होती, पण एखादे काम त्याच्यावर सोपवावे इतकी नव्हती. मी एका कारखान्यात भांडार सांभाळत असे. वस्तू जिथे ठेवली तिथेच सापडते, हा माझा रोजचा अनुभव होता. देवाच्या बाबतीत असा काही अनुभव गाठीशी नव्हता. उत्सवाची सगळी व्यवस्था माझ्याकडे असल्याने, सगळे हात जोडून पाळणा बघत तेव्हा मी मागे पत्रावळी लावत असे. त्यामुळे बोल्ट तुटल्यावर मी देवाला हाक मारली नाही. बाह्या वर केल्या.

देवळाच्या बाजूच्या फरसबंद बोळात, पाय धुण्याच्या नळाजवळ मी हत्यारे मांडली. हेड उतरवले. तुकड्याचा पेरभर खुंट वर राहिला होता, एवढे नशीब. कानशीने त्याच्या दोन बाजू सपाट केल्या आणि पाना बसवला. हलेना. घासलेटात तेल मिसळून सोडले. हलेना. भांड्यांना डाग देणाऱ्या शेजाऱ्याचा ब्लोलॅम्प मागून आणला, भोवतालचे लोखंड तापवले आणि पुन्हा जोर लावला. खुंट कुरकुरला, पण फिरण्याऐवजी पिळवटल्यासारखा वाटला. तो मुळाशी तुटला तर ड्रिलने पोखरून काढण्यात रात्र होणार, हे मला स्वच्छ कळत होते. तरी हात थांबत नव्हते. पत्नी साइडकारची गादी झटकून घेऊन आली.

“अहो, स्वल्प पाणी तरी प्या.”

“वेळ नाही.”

“यादीत लिहायचं राहिलं वाटतं पाणी,” ती म्हणाली आणि तांब्या शेजारी ठेवून गेली.

मी पुन्हा ब्लोलॅम्प लावला. लोखंड चांगले तापल्यावर खुंटाभोवती तेल सोडले, पाना बसवला आणि आता निघो नाहीतर तुटो, अशा इरेला पेटून दोन्ही हात दांडीवर टाकले.

“अण्णा, स्वल्प ताळी.”

जरा थांबा, इतकाच त्याचा अर्थ. मागे एक वृद्ध बाई उभी होती. हातात पेटते पितळी निरांजन, पदराच्या आडोशाला धरलेले. आमच्यासारखेच कन्नड मिसळलेले मराठी ती बोलत होती. नवसाचा दिवा घरापासून पेटता आणला होता. पाय धुतल्याशिवाय देवळात जायचे नाही आणि दिवा जमिनीवर टेकवायचा नाही. तिने तो माझ्यापुढे केला.

“अम्मा, माझे हात काळे आहेत.”

“तेलानंच ना? दिव्यातही तेलच आहे. धरा.”

मी पाना सोडून दिवा धरला. वारा होता म्हणून दुसरा हात ज्योतीभोवती धरावा लागला. ती पाय अशा सावकाशीने धुऊ लागली की जणू दिवस तिच्याच मालकीचा होता. इकडे लोखंड निवत होते आणि मी मनात चरफडत होतो. पाय धुऊन झाल्यावर तिने देवळाच्या पायऱ्यांकडे पाहिले.

“गुडघे ऐकत नाहीत. दिवा सांभाळत चढायला नाही जमायचं. तुम्हीच नेऊन ठेवा, मी येते मागून.”

“अम्मा, माझी बहीण वाट बघतेय.”

“देवही बघतोय. सरी, बरं, चला.”

आत गाभाऱ्याला पडदा होता, नैवेद्य चालला होता. थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या देवळात मी कित्येक वर्षांत काहीही न करता उभा राहिलो नव्हतो. आता दोन्ही हात अडकलेले. धाप लागलेली असल्याने श्वासाबरोबर ज्योत वाकत होती, म्हणून श्वासही हळू करावा लागला. तो हळू झाला तसे मनातले चरफडणे विरत गेले आणि खाली फक्त भीती उरली, अक्का तिकडे नेसून, तयार होऊन बसली असेल आणि मी पोहोचणार नाही, ही. तेव्हा पहिल्यांदा मी देवाशी सरळ बोललो. म्हटले, तिला आणायचे आहे ते मला. तुलाही हवी असेल तर वाट दे. मी प्रयत्न सोडणार नाही, पण हट्ट सोडतो. घंटा वाजली, पडदा सरला. मी दिवा दत्तापुढे ठेवला आणि बाहेर आलो.

सिलिंडर कोमट झाला होता. खुंटाभोवतीचे तेल दिसत नव्हते, आत मुरले होते. पाना बसवून मी बेताने जोर दिला. खुंट केसभर फिरला. मागे घेतला, पुन्हा पुढे. घाई केली नाही. बारीक कुरकुर करत, गंजाचे लाल तेल ओकत तो पूर्ण बाहेर आला. तो मी तळहातावर घेतला. मग तांब्यातले पाणी प्यालो.

तापलेले लोखंड निवताना तेल आत ओढून घेते, असे पुढे कारखान्यातल्या एका फिटरने मला समजावले. ते खरेच असणार. पण त्या दिवशी माझ्या मनाने मी ते कधीच निवू दिले नसते. नवा बोल्ट बसवून, हेड चढवून मी त्या अम्मांना सांगायला सभामंडपात गेलो, तर त्या नव्हत्या. पत्नीने त्यांना पाहिले नव्हते, पुजाऱ्यांना फक्त मी दिवा घेऊन आल्याचे आठवत होते. सणाची गर्दी होती, कोण आले नि कोण गेले हे कोण पाहतो? मला त्यापुढे काही म्हणायचे नाही.

अक्का खरोखरच हिरवे लुगडे नेसून खाटेच्या कडेला बसली होती. धाकटा भाऊ म्हणून ती मला तम्मा म्हणे.

“तम्मा, तुला उशीर? आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?”

“बोल्ट अडकला होता, अक्का.”

“म्हातारा असेल माझ्यासारखा. जोर नाही ना केलास फार?”

“केला. मग सोडला.”

परतताना मी खड्डे चुकवत, अगदी हळू गाडी हाकली, तरी कळसावर ऊन असताना पोहोचलो. खुर्चीत बसवून चौघांनी अक्काला आत नेले. पाळणा म्हणायला सुरुवात झाली आणि तिच्या हातात दोरी दिली. पत्रावळींकडे त्या दिवशी मी फिरकलो नाही. तिच्या खुर्चीमागे उभा राहून, दोरी ओढणारा तो वाळका हात बघत राहिलो. पुढच्या जयंतीला अक्का नव्हती. तिला त्या दिवशी आणू दिले, याबद्दल मी दत्ताचे आभार रोज मानतो.

मी आजही याद्या करतो, कामेही नेटाने करतो. फक्त जयंतीच्या दिवशी दुपारी, नैवेद्याच्या वेळेला, स्वतःकडे कुठलेच काम ठेवत नाही. नळाजवळ जाऊन उभा राहतो, हात मोकळे ठेवून. कुणाला दिवा धरायला द्यायचा असेल तर असावेत.